माळ्यावरचा पाळणा

चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता रामाच्या देवळात पाळणा हलतो. सातारा जिल्ह्यात चाफळला समर्थ रामदासांनी १६४८ साली राममंदिर उभारले, तिथला रामनवमीचा उत्सव आजही मोठा असतो. अशा देवळांतला पाळणा वर्षभर बासनात असतो. उत्सव आला की तो काढतात, पुसतात, फुलांनी सजवतात. दरवर्षी तोच पाळणा आणि तोच बाळराम. यात कोणाला शंका येण्याचे कारण नाही. हा बाळ पाळण्याचे गज चावत नाही आणि दोन गजांमधून पायही बाहेर काढत नाही.

घरातले बाळ या दोन्ही गोष्टी करते. म्हणून घरातल्या जुन्या पाळण्याचा प्रश्न देवळातल्यापेक्षा अवघड असतो.

हा प्रश्न आमच्यापर्यंत आला तो साताऱ्यातल्या एका शिक्षिकाबाईंकडून. त्यांची मुलगी सांगलीला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना संपत आलेला. एके दिवशी सांगलीहून टेम्पोतून पाळणा आला. सागवानी, कातीव गजांचा, वरून पिवळा आणि हिरवा रंग दिलेला. जावई याच पाळण्यात वाढलेले आणि त्यांचे वडीलही. सोबत व्याह्यांचा निरोप होता: "घरातली सगळी पोरं यातच वाढली. सोमवारी रंगारी पाठवतो. जुना रंग खरवडून नवा हात मारून देईल. बारशाला पाळणा कसा नवा दिसला पाहिजे."

बाईंची मुलगी म्हणाली, नवीनच घेऊ. बाईंच्या सासूबाई म्हणाल्या, आलेला पाळणा परत पाठवणे म्हणजे व्याह्यांचा अपमान. बाई विज्ञान शिकवतात. त्यांनी आम्हाला विचारले, "तुम्ही सांगा, जुना पाळणा वापरावा की नाही?" उत्तर हवे होते सोमवारच्या आत.

'जुने ते सोने' आणि 'जुने ते धोक्याचे' ही दोन्ही उत्तरे आम्हाला घाईची वाटली. पाळणा किती जुना आहे यावरून फारसे काही कळत नाही. तो कशाचा आहे, कसा जोडला आहे आणि त्यावर काय फासले आहे, हे पाहावे लागते. या तीन गोष्टी पाहायला माणूस कसा शिकला, त्याचा इतिहास बराच लांबचा आहे. तो आम्ही त्या आठवड्यात वाचून काढला. तोच इथे मांडतो.

आधी शब्दांचा घोळ

पाळण्याच्या रंगात शिसे असू शकते, असे आम्ही म्हणताच बाईंच्या घरी एकाने विचारले, "म्हणजे पाळणा शिसवी आहे म्हणून का?" हा गोंधळ वर्गातही होतो. शिसवी लाकूड म्हणजे शिसमाचे लाकूड. त्यात शिसे नसते. शिसपेन्सिलीतही शिसे नसते, ग्राफाइट असते. ग्राफाइट हे कार्बनचेच एक रूप. पूर्वी ग्राफाइटला शिशाचाच एक प्रकार समजत, ते नाव मागे राहिले. उलट, ज्यांच्या नावात शिसे नाही अशा कितीतरी वस्तूंत ते असते. रंगारी ज्याला सफेदा म्हणत त्याचा जुना प्रकार म्हणजे शिशाचे कार्बोनेट. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. समर्थांनी सातारा, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात स्थापलेले अकरा मारुती आपल्याला माहीत आहेत. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर आपण लहानपणापासून पाहतो, पण त्याचा धातूशी असलेला संबंध आपल्याला कोणी सांगितलेला नसतो. आज शेंदूर म्हणून विकले जाणारे सगळेच काही शिशाचे नसते, पण पुडीकडे पाहून ते ओळखता येत नाही.

आणि पिवळा? ऑइलपेंटमधला झळझळीत पिवळा बराच काळ शिशाच्या क्रोमेटपासून येत असे. सांगली ही हळदीची मोठी पेठ, म्हणून तिथल्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. हळदीला रंग चढवण्यासाठी हेच शिशाचे क्रोमेट मिसळले जात असल्याचे बांगलादेशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. आपल्याकडे हळदीत कोणताही परका पदार्थ मिसळून विकायला अन्नकायद्याने बंदी आहे. पाळण्याचा पिवळा आणि भेसळीचा पिवळा हे एकच द्रव्य असू शकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग ऑइलपेंट येण्यापूर्वीचे रंग तरी निर्धोक होते का? तसेही नाही. जुन्या लाखकामात पिवळ्या रंगासाठी हरताळ वापरीत. एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे, हा वाक्प्रचार ज्या हरताळावरून आला तोच हा. पोथी लिहिताना चुकलेले अक्षर बुजवायला तो लावीत. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. 'पूर्वी सगळे नैसर्गिक होते' हे खरे असले, तरी नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे होत नाही.

ब्रिस्बेनचे कठडे

शिशाने रंगारी आणि खाणकामगार आजारी पडतात, हे फार जुने ज्ञान आहे. घरात बसलेले मूल आजारी पडू शकते, हे मात्र उशिरा कळले. ते कळले ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये. ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी १८९२ मध्ये लहान मुलांतल्या शिसेबाधेची नोंद केली. पोटात कळा, हातापायांतले बळ जाणे, काहींची दृष्टी जाणे अशी लक्षणे होती. पण विष येत होते कुठून? पाण्यातून, भांड्यांतून, खेळण्यांतून असे सगळे तपासून झाले. शेवटी १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने सांगितले की ते व्हरांड्याच्या कठड्यांतून आणि खोल्यांच्या भिंतींवरून येते. तिथली घरे लाकडी, कठड्यांना पांढरा रंग. कडक उन्हात त्या रंगाची भुकटी होई. मुले कठड्याला धरून खेळत आणि तीच बोटे तोंडात घालत.

अनेकांना हे पटायला जड गेले. घराचा रंग ही स्वच्छतेची, ऐपतीची खूण. तो विषारी कसा असेल? क्वीन्सलँडमध्ये मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी शिशाचा रंग देण्यावर कायद्याने निर्बंध आला तो १९२२ साली. म्हणजे गिब्सन बोलल्यानंतर अठरा वर्षांनी.

दरम्यान अमेरिकेत बाल्टिमोरच्या थॉमस आणि ब्लॅकफन या डॉक्टरांनी १९१४ मध्ये एक प्रकरण प्रसिद्ध केले. पाच वर्षांचा मुलगा, मेंदूच्या आवरणाला सूज आल्यासारखी लक्षणे. तो वाचला नाही. त्याच्या आजाराचे मूळ निघाले त्याच्या बिछान्याच्या कठड्यात. त्याने त्या गजांवरचा पांढरा रंग दातांनी कुरतडून खाल्ला होता. पाळण्याचा रंग आणि मुलाचा मृत्यू यांची सांगड घालणारी ही सुरुवातीची नोंद आहे.

मुले रंग का खातात? दात येताना हिरड्या शिवशिवतात, हे एक कारण. शिवाय शिशाचे काही क्षार चवीला गोड असतात. आणि मुलांच्या पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या मानाने चारपाच पट जास्त शोषले जाते. शरीर कॅल्शियम समजून ते हाडांत साठवते. पुढे गरोदरपणात आईच्या हाडांतले कॅल्शियम बाळाकडे जाऊ लागते, तेव्हा त्याबरोबर शिसेही जाते. म्हणजे आजीच्या काळातला पाळणा आईने चावला असेल, तर त्याचा अंश नातवापर्यंत पोहोचू शकतो.

दुधाचे दात आणि शिक्षकांची मते

आता शिक्षकांशी थेट संबंध असलेला भाग. बराच काळ समजूत अशी होती की मूल झटके येऊन आजारी पडले नाही, तर शिशाने काही बिघडलेले नाही. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरला ही शंका होती की थोडे शिसे दिसत नाही, पण काम करते. पण रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, मग जुना हिशेब कसा लावायचा? त्याने मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. दातात शिसे साठून राहते.

मॅसॅच्युसेट्समधल्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे दात जमवून त्याने १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. दातात शिसे जास्त असलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने काही गुणांनी कमी भरला. याशिवाय त्याने वर्गशिक्षकांना साधे प्रश्न दिले होते. मूल सहज विचलित होते का? हाती घेतलेले काम पुरे करते का? सोप्या सूचना पाळता येतात का? दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल शिक्षकांनी उत्तरे दिली. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे त्यांना माहीत नव्हते. दातातले शिसे जसजसे वाढत गेले, तसतशी शिक्षकांची 'होय, याचे लक्ष लागत नाही' अशी उत्तरेही वाढत गेली.

आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाला आपण 'धांदरट' किंवा 'डोक्यात काही शिरत नाही' असे म्हणून मोकळे होतो. त्यामागे शिसेच असेल असे मुळीच नाही. पण असूही शकते, आणि आपल्याला ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

आपल्याकडची तारीख

भारतात १९९९ साली बंगळुरूच्या डॉ. तुप्पिल वेंकटेश यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईसह मोठ्या शहरांत रक्ततपासण्या झाल्या. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दर १०० मिलिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. तेव्हा मोठा दोष पेट्रोलमधल्या शिशाचा होता. २००० साली देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. रंग मात्र मागे राहिला. शिशाच्या मर्यादेचे भारतीय मानक होते, पण ते पाळणे न पाळणे उत्पादकाच्या मर्जीवर होते. केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम केले आणि ते वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, आणि तसे डब्यावर छापलेले हवे. औद्योगिक कामाचे रंग या नियमाबाहेर राहिले. गावातल्या रंगाऱ्याकडचा उरलेला डबा नेमका कोणत्या कामाचा आहे, हे म्हणून विचारले पाहिजे.

९० भाग म्हणजे किती? मुलांकडून हे गणित करून घेता येईल. रंगाचा एक पोपडा १० मिलिग्रॅमचा धरू. त्यात ९० भागांच्या मर्यादेइतके शिसे असेल, तर ते ०.९ मायक्रोग्रॅम होईल. तोच पोपडा एक टक्का शिशाच्या जुन्या रंगाचा असेल, तर १०० मायक्रोग्रॅम. आता वर्षाचे, दहा किलोचे मूल घ्या. त्याच्या अंगात सुमारे ८०० मिलिलिटर रक्त असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले की १०० मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आढळले तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवावे. म्हणजे त्या मुलाच्या सगळ्या रक्तात मिळून ४० मायक्रोग्रॅम. गिळलेले सगळे शिसे रक्तात जात नाही, पण पोपडा किती लहान पुरतो याचा अंदाज येतो. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असे आज कोणीही सांगत नाही.

सहा सेंटिमीटर

रंगाबरोबर आम्ही पाळण्याची मापेही घेतली. हा धडाही अपघातांतूनच मिळालेला आहे. लहान बाळाचे धड डोक्यापेक्षा अरुंद असते. गजांमध्ये जास्त फट असेल, तर बाळ पायांकडून बाहेर सरकते आणि डोके अडकते. असे मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेत १९७३ साली नियम झाला की गजांतली फट सुमारे सहा सेंटिमीटरहून जास्त नसावी. तिथेच २०११ साली एका बाजूचा कठडा खाली सरकणारे पलंग विकायला बंदी झाली, कारण त्यांचे खिळे आणि खाचा ढिल्या होऊन बाळे मधल्या फटीत अडकत होती. नवे असताना तेही पक्के असत. सांधे वापरून ढिले होतात.

आपल्याकडचा पाळणा तर टांगलेला. वाड्यांच्या तुळयांना पाळण्यासाठी लोखंडी कड्या असत, त्या अजून काही घरांत दिसतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. गावच्या सुताराने ठोकून बसवलेला सांधाही माळ्यावरच्या उष्णतेत वीस-पंचवीस उन्हाळे काढल्यावर सुटू लागतो. साखळीची कडी एकाच जागी घासून झिजते. माळ्यावर असताना यातले काही दिसत नाही. बाळाचे वजन पडले की कळते.

बाईंनी पुठ्ठ्याचा सहा सेंटिमीटरचा ठोकळा करून प्रत्येक फटीत घालून पाहिला. बहुतेक ठिकाणी तो अडला. एका बाजूला दोन ठिकाणी सहज पलीकडे गेला. तिथला एक गज कधीतरी मोडून पुन्हा लावताना सरकला होता. पाळण्याच्या रंगाचे पोपडे एका कोपऱ्यात सुटले होते, तिथे एकाखाली एक चार थर मोजता आले. घरच्यांच्या आठवणीप्रमाणे शेवटचा हात १९९६ सालचा. म्हणजे सगळेच थर नियमाच्या आधीचे.

सोमवारच्या आधी

या रंगात शिसे होते का? ते प्रयोगशाळेतच कळले असते. रंगाच्या छटेवरून, वासावरून किंवा ब्रँडच्या नावावरून ते सांगता येत नाही. प्रयोगशाळेचे उत्तर सोमवारपर्यंत मिळणार नव्हते. विज्ञानात आपण मुलांना सांगतो, माहिती नसेल तर निष्कर्ष काढू नका. पण घरात माहिती नसतानाही निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी विचारायचा प्रश्न असा: आपले चुकले, तर कोणती चूक स्वस्तात पडेल? रंगात शिसे नसताना पाळणा बाजूला ठेवला, तर थोडे पैसे आणि थोडा मान जाईल. शिसे असताना वापरला, तर जे जाईल ते परत येत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र पाळण्यात नव्हता, तो सोमवारच्या कामात होता. चार थर पॉलिशपेपरने घासायचे म्हणजे माळ्यावर वर्षानुवर्षे स्वस्थ असलेला रंग भुकटी करून घरभर उडवायचा, आणि तोही गरोदर बाई घरात असताना. अंगणात घासला तरी भुकटी कपड्यांवरून आत येते. ब्रिस्बेनमध्ये जे काम उन्हाने कित्येक वर्षांत केले, ते पॉलिशपेपर एका दुपारी करतो. रंग जाळून काढणे तर त्याहून वाईट. म्हणून आम्ही बाईंना पहिली गोष्ट ही सांगितली: वापरा की वापरू नका, पण खरवडू नका.

यावरून जुना पाळणा म्हणजे टाकाऊ, असे कोणी समजू नये. तोच पाळणा न रंगवलेला, सांधे घट्ट आणि फटी सहाच्या आतल्या असा असता, तर आम्ही तो बिनदिक्कत वापरा म्हटले असते, अगदी तो शंभर वर्षांचा असता तरी. आणि बाजारातून कालच आणलेला पाळणा भडक रंगाचा, डब्याची माहिती नसलेला असेल, तर त्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतील.

रविवारी बाईंनी सांगलीला फोन केला. रंगाऱ्याला पाठवू नका, असे सांगितले. व्याही आधी गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे आमची पोरं वेडी निघाली का?" बाईंनी त्यांना दुधाच्या दातांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "वेडी नाहीच. पण रंगाने त्यांचे काय गेले, ते आपल्याला कसं कळणार?" सासूबाईंनी मधला मार्ग काढला. बारसे त्याच पाळण्यात झाले. पाळणा ओल्या फडक्याने पुसून, सगळे गज धुतलेल्या जुन्या लुगड्याने गुंडाळून आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले. बारा दिवसांचे बाळ गज चावत नाही. अर्ध्या तासाने ते बाहेर काढले, आणि झोपायला साधा, बिनरंगाचा नवा पाळणा होता.

जुना पाळणा सांगलीला परत गेला आणि माळ्यावर चढला. जाताना बाईंनी त्याच्या तळाला एक कागद चिकटवला. त्यावर लिहिले होते: शेवटचा रंग १९९६, डाव्या बाजूला दोन फटी मोठ्या, रंग तपासलेला नाही, खरवडू नये. पुढच्या बाळाच्या वेळी पाळणा जो कोणी खाली काढील, त्याला आपल्यासारखी सुरुवातीपासून चौकशी करावी लागणार नाही.